ह-क-म या अरबी धातूचे अर्थ: लगाम, निवाडा आणि शहाणपण

पाणकणीस (धागाकर्ता)

अरबी शब्दकोश वापरू लागणाऱ्याला आधी एक सवय लावून घ्यावी लागते. कोशात शब्द शोधायचा नसतो, धातू शोधायचा असतो. न्यायालयासाठी असलेला 'महकमा' हा शब्द 'म'खाली सापडत नाही. त्यातले स्वर आणि आरंभीचा उपसर्ग बाजूला काढून ह, क, म ही तीन व्यंजने हाती घ्यावी लागतात. इब्न मंज़ूर यांनी १२९० साली पूर्ण केलेल्या 'लिसान अल्-अरब' या कोशात तर धातूंची मांडणी शेवटच्या व्यंजनावरून आहे, त्यामुळे हा धातू 'म'च्या प्रकरणातल्या 'ह'च्या पोटभागात मिळतो. एकदा तो सापडला की त्याच्या भोवती आपल्या ओळखीचे सगळे गोत दिसू लागते: हुकूम, हुकूमत, हाकीम, हकीम, हिकमत.

पुढे जाण्याआधी उच्चाराबद्दल एक खुलासा करतो. या धातूतला 'ह' घशातून येणारा आहे आणि 'क' आपला साधा 'क' आहे. 'हक्क', 'हकीकत' आणि 'तहकीक' या शब्दांतला 'क' अरबीत पडजिभेजवळून उच्चारला जातो आणि त्यांचा धातू ह-क-क असा निराळाच आहे. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जात असल्यामुळे 'हक्क' आणि 'हुकूम' भावंडे वाटतात, पण त्यांचे काही नाते नाही.

आता मूळ विषयाकडे येतो. इब्न फ़ारिस (मृत्यू १००४) या कोशकारांनी आपल्या कोशात प्रत्येक धातूचा एक, फार तर दोन-तीन मूळ अर्थ शोधून काढण्याचा आणि त्यातून बाकीचे सगळे अर्थ उलगडून दाखवण्याचा पण केला होता. ह-क-मबद्दल ते निःशंकपणे सांगतात की याचे मूळ एकच आहे आणि ते म्हणजे 'मनअ', अर्थात रोखणे. 'हुक्म' अन्यायाला रोखतो, 'हिकमा' अज्ञानाला रोखते, आणि जनावराच्या लगामाच्या ज्या भागाला 'हकमा' म्हणतात तो त्या जनावराला रोखतो. राग़िब अल्-इस्फ़हानी यांनी कुरआनातील शब्दांच्या आपल्या कोशात याला एक मोलाची जोड दिली. त्यांच्या मते हे नुसते रोखणे नाही, 'सुधारण्यासाठी रोखणे' आहे. मला ही जोड फार महत्त्वाची वाटते, कारण कोंडणे, बांधणे, अडवणे यांसाठी अरबीत इतर धातू भरपूर आहेत आणि 'अक्ल'सारखे अपवाद सोडले तर त्यांतून शहाणपणाचा अर्थ निघालेला नाही.

'हकमा' म्हणजे नेमके काय, हेही पाहण्यासारखे आहे. कोशकार सांगतात की घोड्याच्या दोन्ही जबड्यांना वेढणारा हा भाग असे आणि जुने अरब तो कच्च्या चामड्याचा किंवा तागासारख्या धाग्याचा करीत. आपल्याकडच्या बैलाच्या म्होरकीच्या जवळ जाणारी ही वस्तू आहे. इस्लामपूर्व कवी ज़ुहैर याने हरिम बिन सिनान या सरदाराची स्तुती करताना, दगडाधोंड्यांनी टापा झिजलेल्या घोड्यांचे नेतृत्व करणारा असे त्याचे वर्णन केले आहे आणि त्या घोड्यांना 'चामड्याच्या आणि तागाच्या हकमा घातलेल्या' आहेत असे म्हटले आहे. त्या एकाच अर्ध्या ओळीत 'उहकिमत' हे क्रियापद आणि 'हकमात' हे नाम शेजारी शेजारी आले आहेत.

उमय्या काळातील कवी जरीर याची ओळ तर प्रत्येक कोशात उद्धृत केलेली आढळते: 'बनू हनीफ़ा हो, तुमच्यातल्या उनाडांना आवरा, मला राग येईल अशी भीती वाटते.' (बनू हनीफ़ा ही एक टोळी.) येथे 'आवरा'साठी 'अहकिमू' हेच क्रियापद आहे. तेव्हा 'आवरणे' हा अर्थ कोशकारांनी कल्पनेने काढलेला नाही, तो प्रत्यक्ष वापरात होता. प्रश्न एवढाच उरतो की तोच सर्वांत जुना अर्थ आहे का? जाणकारांनी यावर लिहावे.

---

दिवाणीदावा

फार उत्तम धागा. मी न्यायालयीन मराठीत वावरणारा माणूस आहे, त्यामुळे एका गोष्टीकडे लक्ष वेधतो.

आमच्याकडे दिवाणी दाव्याच्या अखेरीस होतो तो 'हुकूमनामा', आणि दावा चालू असताना प्रतिवादीने बांधकाम करू नये किंवा मिळकत विकू नये म्हणून न्यायालय देते तो 'मनाई हुकूम'. यातली 'मनाई' त्याच म-न-अ धातूची आहे, जो वापरून इब्न फ़ारिस यांनी 'हुक्म' शब्दाची फोड केली. म्हणजे दहाव्या शतकाच्या अखेरीस एका कोशकाराने ज्या दोन शब्दांना मूळ आणि अर्थ म्हणून शेजारी बसवले, ते दोन्ही फारसीच्या वाटेने मराठीत येऊन आजही जिल्हा न्यायालयाच्या एकाच अर्जात शेजारी बसलेले असतात. यावरून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही हे मी जाणतो, पण निवाड्याचा एक मोठा भाग 'थांबवणे' हा असतो, हे मात्र कोणताही वकील मान्य करील.

एक शंकाही आहे. इस्लामी विधिशास्त्रात 'हुक्म'चे पाच प्रकार सांगतात: वाजिब (आवश्यक), मंदूब (इष्ट), मुबाह, मकरूह (अनिष्ट) आणि हराम (निषिद्ध). यांतला 'मुबाह' म्हणजे करा किंवा करू नका, दोन्ही सारखेच. त्यात रोखणे कोठे आले? 'हुक्म'चा मूळ अर्थ रोखणे असेल, तर ज्यात काहीच रोखलेले नाही त्यालाही 'हुक्म' कसे म्हणता येते?

---

तळटीप

दिवाणीदावा यांच्या शंकेतच उत्तराची दिशा आहे, असे मला वाटते. विधिशास्त्रातील 'हुक्म' हा 'ठरवणे' या अर्थाचा आहे, 'एखाद्या गोष्टीबद्दल ती अशी आहे किंवा अशी नाही असे म्हणणे' या अर्थाचा. अरबी तर्कशास्त्रातही विधानातील निर्णयाला 'हुक्म'च म्हणतात. 'सूर्य उगवला आहे' यात कोणी कोणाला रोखत नाही, तरी त्यात 'हुक्म' आहे.

आता अरबीच्या बहिणींकडे पाहू, कारण पाणकणीस यांच्या प्रश्नाचे उत्तर एकट्या अरबीत मिळणार नाही. हिब्रूत याच धातूपासून 'होख़्मा' म्हणजे शहाणपण आणि 'हाख़ाम' म्हणजे शहाणा हे शब्द झाले आहेत. अरामीतही अर्थ तोच आहे. सीरियाच्या किनाऱ्यावरील उगारित येथे सापडलेल्या, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकातील मृत्तिकापाट्यांवर एल या देवाच्या शहाणपणासाठी हाच धातू वापरला आहे. त्याहून दूरच्या अक्कादी भाषेत 'हकामु' म्हणजे समजणे, उमजणे. या चारही भाषांत लगाम नाही, निवाडा मुख्य नाही. आहे ती समज.

म्हणून इब्न फ़ारिस यांचा क्रम मला उलटा वाटतो. समजणे, पारखणे हा अर्थ जुना, सगळ्या सेमिटिक कुटुंबाचा. निवाडा करणे आणि रोखणे हे अरबीच्या अंगणात वाढलेले अर्थ. अरब कोशकारांना हिब्रू-अक्कादीची तुलना उपलब्ध नव्हती. जे डोळ्यांना दिसते, हातात धरता येते, ते मूळ आणि जे मनात असते ते त्यावरून निघालेले, असे मानण्याकडे त्यांचा कल होता. पुष्कळ धातूंच्या बाबतीत तो बरोबरही ठरतो, पण या धातूच्या बाबतीत मला तो पटत नाही.

---

पाणकणीस

तळटीप यांच्या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. अरबीच्या आतला पुरावाही त्यांच्या बाजूने कसा बोलतो ते सांगतो, आणि मग माझा एक आक्षेप मांडतो.

इस्लामपूर्व कवी नाबिग़ा याच्यावर हीरा येथील नुअमान राजाची खप्पा मर्जी झाली होती. त्याने क्षमायाचनेसाठी रचलेल्या कवितेत राजाला म्हटले आहे, 'उहकुम क-हुक्मि फ़तातिल्-हय्य', म्हणजे 'त्या वस्तीतल्या मुलीने जसा हुक्म केला तसा तूही कर.' ही मुलगी म्हणजे दूरदृष्टीसाठी प्रसिद्ध असलेली यमामाची ज़रक़ा, असे टीकाकार सांगतात. पाण्यावर उतरणारा पारव्यांचा थवा तिने पाहिला आणि ती म्हणाली की हे पारवे आणि यांच्या निम्मे आणखी आम्हांला मिळाले, तर आमच्या एका पारव्यासह किती बरे होईल! लोकांनी मोजले, तर हिशेब तंतोतंत नव्याण्णव भरला आणि तिचा पारवा धरून शंभर झाले. म्हणजे थव्यात ६६ पारवे होते, त्यांचे निम्मे ३३. उडत्या थव्याकडे एकदा पाहून चूक न करता केलेली ही पारख आहे. येथे 'हुक्म' म्हणजे आज्ञा नाही आणि न्यायालयीन निकालही नाही. अफवांवर विश्वास न ठेवता तिच्यासारखे नीट पाहून ठरव, अशी कवीची राजाला विनवणी आहे.

कुरआनातही (१९:१२) याह्या या पैगंबराबद्दल म्हटले आहे की 'तो लहान असतानाच आम्ही त्याला हुक्म दिला.' लहान मुलाला सत्ता किंवा न्यायासन दिले असा अर्थ येथे बसत नाही, म्हणून भाष्यकार तेथे समज, शहाणपण असाच अर्थ करतात.

आता आक्षेप. समज हा अर्थ जुना असला, तरी 'रोखणे' हा अर्थ अरबीत बाहेरून चिकटलेला नाही. या दोहोंना जोडणारा माणूस म्हणजे 'हकम', अर्थात लवाद. इस्लामपूर्व अरबस्तानातल्या टोळ्यांत राजसत्तेचे न्यायालय नव्हते. दोन टोळ्यांत वाद झाला की दोघांनाही मान्य असलेल्या शहाण्या माणसाकडे जायचे, आणि तो सांगेल ते ऐकायचे. त्याच्याकडे शिपाई नव्हते, तुरुंग नव्हता. त्याची पारख हीच त्याची ताकद होती, आणि त्या पारखीमुळे रक्तपात थांबे. 'समजणे'पासून 'रोखणे'पर्यंतचा प्रवास या माणसाच्या बैठकीतून झाला असावा, असा माझा तर्क आहे. लगामाचे नाव त्यानंतरचे की स्वतंत्र, हे सोडवण्याइतका पुरावा मला दिसत नाही.

---

शेवंती

'हकम' शब्द निघालाच आहे म्हणून एक जुनी अरबी म्हण सांगते: 'फ़ी बैतिही युअतल्-हकम', म्हणजे हकमाकडे त्याच्या घरी जायचे असते. तिच्यामागची गोष्ट मला फार आवडते. सशिणीला एक खजूर सापडतो, कोल्हा तो हिसकावून खातो, आणि दोघे भांडत घोरपडीसारख्या 'दब' नावाच्या वाळवंटी सरड्याच्या बिळापाशी जातात.

'तुझ्याकडे तंटा घेऊन आलो आहोत.' 'न्यायी हकम निवडलात.'
'मग बाहेर ये.' 'हकमाकडे त्याच्या घरी जायचे असते.'
'मला एक खजूर सापडला.' 'गोड असतो, खाऊन टाक.'
'तो कोल्ह्याने पळवला.' 'त्याने स्वतःचे भले पाहिले.'
'मी त्याला थप्पड मारली.' 'आपल्या हक्काचे घेतलेस.'
'त्याने मला मारली.' 'स्वाभिमानी असतो त्याने बदला घेतला.'
'मग आमचा निवाडा कर.' 'केला की.'

सरड्याचे जवळजवळ प्रत्येक वाक्य अरबीत म्हण होऊन बसले आहे. माझे लक्ष मात्र 'न्यायी हकम निवडलात' या वाक्याकडे जाते, कारण तेथे 'हक्कम्तुमा' हे क्रियापद आहे. मधले व्यंजन द्वित्त केले की 'हकमा'चा (निवाडा केला) 'हक्कमा' होतो आणि अर्थ होतो 'हकम म्हणून नेमले'. हकम आपोआप हकम होत नाही, वादी-प्रतिवादी त्याला हकम करतात, हे अरबी व्याकरणातच आहे. पती-पत्नीत दुरावा आला तर एक हकम त्याच्या नातलगांतून आणि एक तिच्या नातलगांतून पाठवा, असे कुरआनात (४:३५) सांगितले आहे, तेथेही हीच जुनी रीत दिसते.

माझा एक प्रश्न आहे. 'हकीम' आणि 'हाकीम' यांत फरक काय? मराठीत दोन्ही ऐकू येतात.

---

तळटीप

शेवंती, फरक स्वरांचा आहे. 'हाकिम' हे कर्तृवाचक रूप आहे: जो निवाडा करतो, म्हणून न्यायाधीश आणि पुढे अधिकारी, शासक. 'हकीम' हे गुणवाचक रूप: ज्याच्या ठायी हिकमा कायमची मुरली आहे तो. जुन्या मराठी कागदांतला 'हाकीम' हा अंमलदार आणि औषध देणारा तो 'हकीम', असा भेद आपण राखला आहे.

वैद्याला 'हकीम' का म्हणतात, याचे कारण बगदादच्या भाषांतरयुगात आहे. आठव्या ते दहाव्या शतकांत ग्रीक तत्त्वज्ञान आणि वैद्यक अरबीत आले. हुनैन बिन इसहाक़ यांनी ग्रीक वैद्य गॅलेनचे ग्रंथ भाषांतरित केले, आणि ग्रीकांच्या या एकत्रित ज्ञानाला 'हिकमा' हे नाव रूढ झाले. त्या काळी तत्त्वज्ञ आणि वैद्य बहुधा एकच असे. इब्न सीना हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण.

'हकीम'चा आणखी एक अर्थ कोशकार देतात: जो कामे पक्की, निर्दोष करतो. हा अर्थ 'अहकमा' (घट्ट केले, पक्के केले) या रूपाशी जोडलेला आहे. कुरआनातील (३:७) 'मुहकमात' आयती म्हणजे ज्यांचा अर्थ पक्का आहे, ज्यांत दुसरा अर्थ शिरायला फट नाही अशा. येथे इब्न फ़ारिस यांना न्याय दिला पाहिजे, कारण या शाखेत 'रोखणे' अगदी स्वच्छ बसते.

---

दिवाणीदावा

माझ्या शंकेचे समाधान झाले. 'हुक्म'चा अर्थ निवाडा घ्यायचा की सत्ता, यावरून इतिहासात केवढे रण माजले, ते येथे यायला हवे.

६५७ साली सिफ़्फ़ीन येथे ख़लीफ़ा अली आणि सीरियाचा सुभेदार मुआविया यांची सैन्ये समोरासमोर आली. मुआवियाच्या बाजूने भाल्यांवर कुरआनाची पाने उंचावली गेली आणि प्रकरण लवादाकडे, म्हणजे 'तहकीम'कडे गेले. अबू मूसा अल्-अशअरी आणि अम्र बिन अल्-आस हे दोन हकम ठरले. तेव्हा अलींच्याच सैन्यातील एक गट 'ला हुक्मा इल्ला लिल्लाह', म्हणजे 'हुक्म फक्त अल्लाहचा', अशी घोषणा देत बाहेर पडला. हेच पुढे ख़वारिज म्हणून ओळखले गेले, आणि या घोषणेवरूनच त्यांच्या पहिल्या गटाला 'मुहक्किमा' म्हणतात.

अलींचे उत्तर परंपरेने जपले आहे: 'शब्द खरे आहेत, पण त्यांतून हेतू खोटा साधला जात आहे.' पुढे ते म्हणतात की हुक्म अल्लाहचाच, हे मान्यच आहे. पण या लोकांना म्हणायचे आहे की 'इम्रा', म्हणजे अंमल, फक्त अल्लाहचा, आणि लोकांना तर अमीर लागतोच, मग तो भला असो वा बुरा. हुक्म आणि इम्रा हे दोन शब्द त्यांनी येथे वेगळे काढून दाखवले आहेत.

---

पाणकणीस

दिवाणीदावा, हा मुद्दा 'हुकूमत' या शब्दाला थेट लागू होतो. अभिजात अरबीत 'हुकूमा' म्हणजे निवाड्याची क्रिया. विधिशास्त्रात ज्या इजेची भरपाई आधी ठरलेली नाही, तिचे मोल जाणकाराने ठरवण्यालाही 'हुकूमा'च म्हणतात. आज अरबीत 'हुकूमा' म्हणजे सरकार, पण हा अर्थ एकोणिसाव्या शतकात उस्मानी तुर्कीच्या वापरातून रूढ झाला. मराठीतला 'हुकूम' तर पूर्णपणे आज्ञेच्या बाजूला गेला: हुकूमशहा, हुकमी एक्का, पत्त्यांतला हुकूम. नाबिग़ाच्या कवितेतली पारख त्यात कोठेच उरली नाही.

---

नदीकाठ

मी आखाती देशात नोकरीनिमित्त राहतो. शास्त्रीय चर्चेत भर घालण्याएवढा माझा अभ्यास नाही, पण हा धातू रोज कानांवर पडतो. फुटबॉलच्या सामन्याचे समालोचन लावले की दर मिनिटाला 'अल्-हकम' येतो, म्हणजे पंच. टोळ्यांचे तंटे मिटवणारा तो जुना शब्द आज शिट्टी घेऊन मैदानात धावतो. न्यायालयावर 'महकमा' ही पाटी असते. रिमोट कंट्रोलला औपचारिक अरबीत 'दूरच्या तहक्कुमचे (नियंत्रणाचे) यंत्र' अशा अर्थाचे नाव आहे. डब्याचे झाकण घट्ट बसणारे असेल तर त्यावर 'मुहकम' लिहिलेले सापडते, आणि तज्ज्ञांकडून तपासून घेऊन लेख छापणाऱ्या विद्यापीठीय नियतकालिकाला 'मुहक्कमा' म्हणतात. शेवंती यांनी सांगितलेले द्वित्त येथेही कामाला आले आहे: लेख हकमांपुढे ठेवला गेला.

---

शेवंती

मग 'हिकमत'चे काय? मराठीत हिकमती माणूस म्हणजे तत्त्वज्ञ नव्हे. बंद पडलेले इंजिन तारेच्या तुकड्याने चालू करील तो हिकमती. अर्थ इतका खाली कसा उतरला?

---

तळटीप

मला तो खाली उतरलेला वाटत नाही. हिब्रू बायबलच्या निर्गम या ग्रंथात पवित्र मंडप उभारण्यासाठी बसालेल नावाच्या कारागिराची निवड होते. सोने, चांदी, पितळ घडवणे, रत्ने जडवणे, लाकूड कोरणे यांसाठी देवाने त्याला 'होख़्मा'ने भरले, असे तेथे सांगितले आहे, आणि सूत कातणाऱ्या स्त्रियांनाही 'शहाण्या हृदयाच्या' म्हटले आहे. म्हणजे हाताचे कसब हा या धातूचा अगदी जुना अर्थ आहे. मराठीला तो हिब्रूतून मिळाला असे मी म्हणत नाही, आपली हिकमत फारसीतूनच आली आहे. पण अरबीतल्या 'अहकमा'मध्ये काम पक्के करण्याची छटा आहेच, आणि ती वाटेत हरवली नाही.

पाणकणीस यांच्या तर्काला पुष्टी देणारे एक स्थळ अखेरीस नोंदवतो. कुरआनात (२१:७८-७९) दाऊद आणि सुलैमान एका शेताचा निवाडा करतात. रात्री लोकांची मेंढरे शेतात शिरून पीक खाऊन जातात. भाष्यकारांच्या सांगण्यानुसार दाऊदने भरपाई म्हणून मेंढरेच शेतमालकाला देऊन टाकली. सुलैमान म्हणाला की पीक पूर्ववत होईपर्यंत मेंढरांचे दूध आणि लोकर शेतमालकाने घ्यावी, तोवर मेंढपाळाने शेत राबावे, आणि मग ज्याचे त्याला परत करावे. आयतीत निवाड्यासाठी 'यहकुमानि' हे क्रियापद आहे, सुलैमानला ते 'उमजवले' असे म्हटले आहे, आणि लगेच पुढे दोघांनाही 'हुक्म आणि इल्म' दिल्याचा उल्लेख आहे. निवाडा आणि समज हे दोन्ही अर्थ येथे दोन ओळींच्या आत एकाच धातूत आले आहेत, आणि नुकसान तेवढे भरून काढून त्यापुढे काही न घेऊ देणारा सुलैमानचा निकाल राग़िब यांच्या 'सुधारण्यासाठी रोखणे' या व्याख्येतही बसतो.